दुकानचं काडतूस

डेलमर ब्रेक्कीच्या लेखी जगात माणसांच्या दोनच जाती होत्या. एक, स्वतःची काडतुसं घरी बसून स्वतःच्या हातानं भरणारी. दुसरी, दुकानातून तयार खोकं विकत आणणारी. या दुसऱ्या जातीत त्यानं सरकार, गावातले दोन्ही पाद्री, स्वतःचा मेहुणा आणि मिसूला शहरातून शिकारीला येणारी झाडून सगळी मंडळी एकत्र कोंबली होती. पहिल्या जातीत आमच्या खोऱ्यातली दहा-बारा माणसं होती, पण त्यांची नावं घेतानाही डेलमर नाक मुरडायचा. तिथं खरा माणूस एकच होता, आणि तो आरशात दिसायचा.

नोकरी म्हणाल तर जन्मभर त्यानं जिल्ह्याचा बर्फ ढकलायचा ट्रक चालवला. हिवाळ्यात कुणाची गाडी घसरून खड्ड्यात गेली की डेलमर साखळी लावून ती ओढून काढायचा. यात त्यानं कधी हयगय केली नाही. पण साखळी लावण्याआधी टायर कसले घ्यावेत, चाक कसं धरावं, आणि देवानं डोकं कशासाठी दिलंय, यावर प्रवचन व्हायचं. थंडीनं काकडत ते ऐकण्यापेक्षा आणखी तासभर खड्ड्यातच बसलेलं बरं, असं म्हणणारी माणसं आमच्याकडे आहेत. त्याची बायको लोर्ना स्पोकेनला बहिणीकडे आठवडाभर म्हणून गेली, तिला आता कितीतरी वर्षं झाली. तिला बंदुकीच्या तेलाचा वास सोसत नव्हता, असं डेलमर सांगतो. तिला काय सोसत नव्हतं ते सगळ्या गावाला माहीत आहे.

घराला लागून गॅरेज, आणि गॅरेजात त्याचं टेबल. एखाद्या बाईचं स्वयंपाकघर नसेल इतकं लख्ख. झाडलेल्या काडतुसांच्या, पुन्हा भरायच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या घासून पुसून ओळीनं उभ्या, तराजूवर झाकण, आणि वर भिंतीला त्यानं स्वतः लिहिलेला पुठ्ठा: ‘टेबलावर एका वेळी एकच डबा.’ यात त्यानं काही शोध लावला नव्हता. काडतुसं भरणाऱ्या कुणालाही हा नियम आईच्या दुधाबरोबर मिळतो. बंदुकीची दारू, म्हणजे आमच्याकडे सगळे नुसतं पावडर म्हणतात ती, दिसायला एकसारखी. काळपट करडे बारीक दाणे, नाहीतर पेन्सिलीच्या शिशाचे तुकडे केल्यासारख्या कांड्या. एक भसकन जळते, दुसरी रेंगाळत जळते. लहान काडतुसाला पहिली, थोराड काडतुसाला दुसरी. उलट झालं तर बंदूक गाल फाडून जाते. डब्यावरच्या नंबरावरून काय ते ओळखायचं, आणि डब्यात दुसरं काही ओतलं गेलं असेल तर नंबरालाही कळत नाही.

डेलमरची पावडर ठरलेली, त्रेसष्ट नंबरची, लांब कांड्यांची. ती मापाच्या नळकांड्यात अडकते, दाणेदार पावडरीसारखी पाण्यासारखी ओघळत नाही, म्हणून प्रत्येक भरणी तराजूवर तोलावी लागते. तेच तर त्याला आवडायचं. दाणेदार पावडर वापरणारे आळशी आणि थंडीत ती ढिली पडते हे न कळणारे मूर्ख. जाहिरात बघून दरवर्षी नवा नंबर आणणारे बायकी. ‘बायको निवडताना चुकलं तर चालतं,’ तो म्हणायचा, ‘पावडर निवडताना चुकून चालत नाही.’ यातला पहिला भाग लोक कौतुकानं ऐकायचे, कारण तो अनुभवाचा होता.

हे सगळं चालायचं डॉयलच्या हार्डवेअरच्या दुकानात. तिथं गल्ल्याजवळ कॉफीचं भांडं सकाळपासून उकळत असतं आणि त्याभोवती ज्यांना घरी कुणी विचारत नाही असे पुरुष उभे असतात. शिकारीचा मोसम जवळ आला की डेलमर तिथं ठाणच मांडायचा. एकदा दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरनं काडतुसांचं खोकं गल्ल्यावर ठेवलं. डेलमरनं ते उचलून सगळ्यांना दाखवलं आणि विचारलं, “डॉक्टर, लग्नाच्या रात्रीही भाड्यानं माणूस पाठवला होता का?” सगळे हसले. डॉक्टरही हसला, आणि पुढच्या वर्षापासून खोकं टपालानं मागवू लागला.

या सगळ्यात व्हर्न टॅगर्ट डेलमरच्या शेजारी उभा असायचा. दोघं शाळेपासूनचे. व्हर्न शांत, जाडसर, गुरांना चारा घालणारा माणूस. काडतुसं तोही घरीच भरायचा, पण त्याचं टेबल म्हणजे उकिरडा. वर मांजर झोपलेलं, तंबाखूची डबी, दोन-तीन पावडरीचे डबे झाकणं उघडी टाकून. डेलमर ते बघून दर वेळी म्हणायचा की एक दिवस तू आणि मांजर एकदमच छपरातून बाहेर जाल. व्हर्न म्हणायचा, मांजर तेवढं वाचव. इतक्यावर त्यांचं जमायचं. दर ऑक्टोबरात मोसमाच्या पहिल्या दिवशी दोघं एकाच कड्यावर जाऊन बसायचे, एल्क, म्हणजे आमच्याकडचं सांबरासारखं थोराड हरीण, मारायचे, मांस वाटून घ्यायचे.

शेवटी शेवटी व्हर्न कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरायला लागला. डेलमरनं त्यावरही सोडलं नाही. कपाची प्रार्थना करतोस काय, म्हणाला. आणखी एक खोड व्हर्नला लागली होती. गोळी झाडली की आधी वाकून आपली रिकामी पुंगळी उचलायची आणि खिशात टाकायची, डेलमरच्या हातात म्हणून द्यायची नाही. डेलमरनं त्याला दुकानात चारचौघांत चिक्कू म्हणून घेतलं. आणि गेल्या मोसमात व्हर्ननं दरीपलीकडचा नर एका गोळीत बसवला, तेव्हा याच डेलमरनं डॉयलच्या दुकानात हात उंचावून सांगितलं, “बघून घ्या. हातानं भरलेलं काडतूस असं बोलतं. दुकानच्या खोक्यातलं असतं तर एल्क हसत निघून गेलं असतं.” व्हर्नचा चेहरा लाल झाला. तो कॉफीत बघत राहिला. डेलमरला वाटलं, लाजला.

मार्चमध्ये व्हर्न गोठ्यात कोसळला आणि गेला. दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं, बटाट्याचं सॅलड आणि हॅमचे सँडविच. तिथं व्हर्नची बायको आर्डिस पिशवीतून पावडरीचा डबा घेऊन आली. त्रेसष्ट नंबर, आधीच वापरायला काढलेला, अर्ध्याच्या वर भरलेला. तिनं तो डेलमरच्या हातात दिला.

“व्हर्नची आहे. या वर्षी हिच्यावर एक एल्क मार आणि मागच्या मांडीचं मांस मला आणून दे. मग मला वाटेल की तोही गेला होता.”

डेलमर काय म्हणणार? हो म्हणाला. आजूबाजूची पुरुषमंडळी एकदम आपापल्या ताटात बघू लागली. आमच्या खोऱ्यात हे शेंबड्या पोरालाही कळतं: मेलेल्याची हत्यारं घ्यावीत, साचे घ्यावेत, तराजू घ्यावा, पण त्याचा उघडा डबा घेऊ नये. आत त्यानं काय काय ओतलंय ते सांगायला तो परत येत नाही. असा डबा मुकाट्यानं गवतावर विस्कटतात. पण हे विधवेला सांगणार कोण, आणि तेही व्हर्नच्या विधवेला, व्हर्नच्या डब्याबद्दल?

डब्यानं उन्हाळाभर डेलमरच्या फळीवर बसून त्याच्याकडे बघितलं. त्या वर्षी पावडरीचा दुष्काळ होता. कुठंच मिळत नव्हती. डॉयलच्या फडताळात कोळ्यांनी जाळी धरली होती. डेलमर मिसूलाला गेला, ज्यांना तो जन्मभर शिव्या घालत आला त्या गर्दीत रांगेला उभा राहिला, आणि एक डबा पदरात पाडून घेऊन आला. एकच. त्याच्याकडे जुनी भरलेली काडतुसं नव्हती, कारण उरलेली तो दर सप्टेंबरात खडीच्या खाणीत उडवून टाकायचा. शिळं खाऊन शिकारीला जाणारे वेगळे, म्हणायचा.

मोसमाच्या आठवड्यात तो टेबलाशी बसला. स्वतःच्या डब्यातून भरायचं आणि आर्डिसला व्हर्नच्या डब्यातलं म्हणून सांगायचं, हा सरळ रस्ता होता. पण डेलमर दुसऱ्याला खोटारडा म्हणण्यात इतका पटाईत की स्वतः खोटं बोलायचं त्याच्या जिवावर आलं. त्यानं व्हर्नचा डबा नाकाला लावला. बिघडलेल्या पावडरीला आंबूस वास येतो. हिला येत नव्हता. मग त्यानं ते केलं, जे दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्यानं त्याला वर्षभर सुखानं जगू दिलं नसतं. दोन्ही डबे टेबलावर घेतले, दोन पांढऱ्या बशा मांडल्या, आणि एकात स्वतःची, दुसऱ्यात व्हर्नची थोडी थोडी पावडर ओतून दिव्याखाली भिंगानं कांड्या एकमेकींशी ताडून बघायला लागला. डोक्यावर ‘एकच डबा’वाला पुठ्ठा होताच.

इतक्यात दारातून आर्डिसचा आवाज आला. तिनं ॲपल पाय करून आणला होता.

डेलमर चोरासारखा दचकला. हा आपल्या नवऱ्याची पावडर भिंगाखाली तपासतोय हे तिनं पाहिलं तर काय, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. त्यानं बशा उचलून डब्यांत उपड्या केल्या, झाकणं लावली, ॲपल पायसाठी जागा करायला डबे इकडचे तिकडे सरकवले. आर्डिस आली, टेबल किती छान ठेवलंस म्हणाली, व्हर्नचा डबा ओळखून त्यावर एक बोट ठेवून गेली.

ती गेल्यावर डेलमर खाली बसला. डाव्या बशीतली पावडर डाव्या डब्यात गेली होती का? डावा डबा तेव्हा डावीकडेच होता का? त्यानं डोळे मिटून हात फिरवून पाहिले. हातांना आठवत नव्हतं. दोन्हींवर नंबर एकच, वासही तोच, कांड्या तशाच. डॉयलच्या दुकानात कुणी हे सांगितलं असतं, की अहो सारखंच तर दिसतं, चिमूटभरानं काय होतंय, तर डेलमरनं त्याला तिथंच सोलला असता. रात्री त्यानं स्वतःला तेच सांगून पाहिलं. पटलं नाही. एवढं त्याच्या बाजूनं म्हणायला हवं की पटलं नाही. सकाळी त्यानं दोन्ही डबे मागच्या गवतावर विस्कटले, व्हर्नचा आणि मिसूलाचा, आणि वरून पाण्याची नळी धरली.

आता मोसम तोंडावर, घरात काडतूस नाही. दुसऱ्याकडून भरलेलं मागावं तर ते आमच्या खोऱ्यात कुणी कुणाला देत नाही आणि घेत नाही. राहिलं दुकानचं खोकं. डॉयलच्या दुकानात ते मागण्यापेक्षा डेलमर चर्चमध्ये नागडा गेला असता. तो ट्रक काढून डोंगरापलीकडच्या गावी गेला, जिथं त्याला कुणी ओळखत नाही. टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. गल्ल्यावरच्या बाईनं खोकं यंत्राला दाखवलं आणि मायेनं विचारलं, “पहिल्यांदाच जाताय का शिकारीला? घाबरू नका हं. जमेल.”

डेलमरनं तोंड उघडलं आणि मिटलं. त्याच्या आयुष्यात हे बहुतेक पहिल्यांदाच घडलं असेल.

खाणीत जाऊन त्यानं तीन झाडून पाहिली. निशाणाच्या कागदावरची तिन्ही भोकं एका नाण्याखाली झाकली गेली असती. त्याची स्वतःची इतकी जवळ कधी पडली नव्हती. यंत्रानं भरलेली, कुणी न तोललेली, कुठल्यातरी कारखान्यात कुणी जांभया देत खोक्यात टाकलेली काडतुसं. त्यानं तो निशाणाचा कागद फाडून खिशात घातला, कारण तो असा पडलेला कुणी पाहिला असता तर? मग घरी येऊन त्यानं काडतुसं खोक्यातून काढली आणि आपल्या जुन्या हिरव्या डबीत, जिच्यावर त्याच्या हातानं नंबर लिहिलेला होता, एकेक करून उभी केली. खोकं चुलीत घातलं.

पहिल्या दिवशी तो कड्यावर एकटाच बसला. शेजारी व्हर्नच्या बुडानं वर्षानुवर्षं दबलेलं गवत आता ताठ उभं होतं. उजाडता उजाडता झाडीतून एल्कचा तरणा नर बाहेर आला. डेलमरनं एक गोळी झाडली. नर चार पावलं गेला आणि बसला. डेलमरनं आधी काय केलं असेल, तर वाकून रिकामी पुंगळी शोधली आणि खिशात टाकली, म्हणजे तिच्या बुडावरचा कारखान्याचा शिक्का, जो घरी भरायच्या सुट्या पुंगळ्यांवर नसतो, कुणाला दिसू नये. आणि मगच तो शिकारीकडे गेला.

मागच्या मांडीचं मांस घेऊन तो आर्डिसकडे गेला. तिनं तिथल्या तिथं दोन काप लोण्यात टाकले, कांदा परतला, बटाटे आधीच उकडून ठेवले होते. व्हर्नच्या खुर्चीत मांजर होतं, म्हणून डेलमर दुसरीत बसला. ताट पुढं ठेवताना तिनं विचारलं.

“व्हर्नच्याच पावडरीनं ना?”

येताना वाटेत त्यानं खरं सांगायचं ठरवलं होतं. निदान तसा तो ट्रकमध्ये तरी मोठ्यानं बोलला होता. पण तिचा चेहरा बघून त्याच्या तोंडून निघालं, “हो. एका गोळीत.”

आर्डिस रडली, मग पदरानं नाक पुसावं तसं तिनं एप्रनानं नाक पुसलं आणि हसायला लागली. म्हणाली, चला, तो डबा एकदाचा कारणी लागला. व्हर्नचे हात थरथरायला लागल्यापासून तो तसाच फळीवर पडून होता.

डेलमरनं काटा खाली ठेवला. पडून होता म्हणजे? दरवर्षी तर तो मारत होता. मग भरत कशानं होता?

“भरतोय कुठला,” आर्डिस म्हणाली. “शर्टाचं बटण मीच लावायची त्याचं. तराजूवर चिमटा धरता येईना. डोंगरापलीकडे जाऊन खोकं आणायचा. इथं या टेबलावर बसून ती काडतुसं आपल्या जुन्या डबीत भरायचा आणि खोकं मला जाळायला द्यायचा. आता गेलाय तो, म्हणून सांगते. मला शपथ घातली होती.”

“मला का नाही सांगितलं?”

तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानं बर्फ पांढरा का असतो विचारलं.

“तुझ्या तोंडाला भ्यायचा तो, डेलमर. गेल्या वर्षी तू दुकानात त्याची वाहवा केलीस ना, त्या दिवशी घरी आला आणि जेवला नाही. म्हणाला, आता त्याला कधीच सांगता यायचं नाही.”

ती उठली आणि फडताळातून कॉफीचा एक मोठा पत्र्याचा डबा काढून त्याच्यापुढं ठेवला. पितळी पुंगळ्या होत्या आत. काडतुसं भरणाऱ्या माणसाचा हात कितीही थरथरो, पितळ त्याच्यानं टाकवत नाही. डेलमरनं एक उचलून बूड उजेडाकडे केलं. मग दुसरी. सगळ्यांवर कारखान्याचा शिक्का, तोच जो त्याच्या खिशातल्या पुंगळीवर होता. व्हर्न दर वेळी बर्फात वाकून, थरथरत्या बोटांनी, आपल्या मित्राची नजर चुकवून ही उचलत होता, आणि मित्र शेजारी उभा राहून त्याला चिक्कू म्हणत होता. एका कड्यावर, एका दगडाला टेकून, इतकी वर्षं.

डेलमरला लाज वाटली. नुसती वाटली नाही, ती कानांपर्यंत चढली आणि तिथंच बसली. त्यानं खिशात हात घातला, सकाळची पुंगळी काढली, आणि बाकीच्यांवर ठेवली. पितळावर ती किंचित वाजली.

आर्डिसनं डब्यात पाहिलं. ती पुंगळी नवी होती, बाकीच्यांसारखी काळवंडलेली नव्हती, आणि तिचं शिक्क्याचं बूड वर होतं. मग तिनं डेलमरकडे पाहिलं.

“बटाटे वाढू आणखी?” तिनं विचारलं.

“वाढ,” तो म्हणाला.